कादंबरीला इतका वेळ का लागतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजपर्यंत या व्यासपीठावर मी आले ती फक्त पाहुण्यांच्या हाती नारळ द्यायला. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाईंनी सांगितले, "यंदा तुम्ही बोलायचे, आणि तुमच्या त्या वहीविषयीच बोलायचे," तेव्हा पोटात गोळाच उठला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि घरात सांभाळायला धाकटी भावंडे होती, म्हणून पाटी तिथेच थांबली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. जे केले आणि जे चुकले, तेवढे सांगते.

वहीची बातमी मंडळात कशी फुटली हे बहुतेकींना ठाऊक आहेच. मागे एका सभेला मी पापडांच्या हिशेबाची वही समजून भलतीच वही घेऊन आले, आणि हिशेब वाचायला बसलेल्या बाईंनी त्यातल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. उडदाच्या डाळीऐवजी कुणा बाईचे दुःख निघाले! तुम्ही हसलात, मीही हसले. पण त्या दिवसापासून लपवायचे काही राहिले नाही. तर होय, मी एक कादंबरी लिहिते आहे. सात वर्षे झाली. अजून ती पुरी झालेली नाही.

"सात वर्षे? एवढे काय लिहिता तरी काय?" हा प्रश्न मला विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला गेला. आज त्याचेच उत्तर द्यावे असे ठरवले आहे.

आधी मोठ्या माणसांचे सांगते. आपल्या मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चे नाव घेतात. ती निघाली १८५७ साली, आणि विषय होता विधवांच्या हालांचा. म्हणजे मराठी कादंबरीने पहिले पाऊल टाकले तेच बायकांच्या दुःखाच्या उंबरठ्यावर. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली, तीही यमू नावाच्या एका मुलीच्या तोंडून. ती 'करमणूक' या त्यांच्या साप्ताहिकातून थोडी थोडी येत असे. 'करमणूक' सुरू झाले १८९० साली. लोकांनी ती हप्त्याहप्त्याने वाचली आणि त्यांनी ती तशीच लिहिली.

बायकांपैकी सांगायचे तर काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा. नवव्या वर्षी लग्न झाले, आणि अक्षरओळख झाली ती पुढे, घरातच. त्यांची 'रंगराव' ही कादंबरी आधी मासिकातून तुकड्या-तुकड्यांनी आली आणि तिचे पुस्तक निघाले ते १९०३ साली. मध्ये कितीतरी वर्षे गेली. ज्या काळात सासरी बाईच्या हातात पुस्तक दिसणे हाच गुन्हा होता, त्या काळात त्या एक काम इतकी वर्षे उराशी धरून बसल्या. हे वाचले तेव्हा माझ्या सात वर्षांची मला लाज वाटेनाशी झाली.

आता आपल्या कोकणाकडे येते. दापोली तालुक्यातली दोन गावे घ्या, पालगड आणि मुर्डी. पालगडचे साने गुरुजी. त्यांची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. तिला कोणी कादंबरी म्हणतात, कोणी आठवणी म्हणतात. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी हेच माझ्या तोंडावर टाकले होते, "आई, गुरुजींनी पाच दिवसांत लिहिली, तू काय करतेस?" मी निरुत्तर झाले. पण नंतर विचार केला. गुरुजींची आई गेली १९१७ साली. पुस्तक लिहिले १९३३ साली. मधली पंधरा-सोळा वर्षे ती माउली त्यांच्या मनात बोलतच असणार. पाच दिवस लागले ते कागदावर उतरायला. भाकरी तव्यावर दोन मिनिटांत होते. पण नाचणी पेरण्यापासून मोजले तर किती महिने होतात?

मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. जन्म १९१३ चा. लहानपणीच मुंबईला गेले, तिथे बेस्टमध्ये नोकरी केली, आणि मन मात्र जन्मभर दापोली-खेडच्या वाटांवर ठेवले. पहिली कादंबरी 'एल्गार' आली १९४९ साली, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. मग 'हद्दपार', 'गारंबीचा बापू', आणि १९६२ साली 'रथचक्र', जिला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि जगबुडीच्या काठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ती भली थोरली 'तुंबाडचे खोत', दोन खंड, तेराशेंवर पाने, ती आली १९८७ साली. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर. माणसाने लहानपणी पाहिलेले घर-अंगण कागदावर उतरवायला किती काळ मनात बाळगावे लागते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि वि. स. खांडेकर? शिरोडे गाव तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. तिथे १९२० पासून अठरा वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. त्यांची पहिली कादंबरी १९३० ची, आणि 'ययाति' १९५९ ची. मधल्या एकोणतीस वर्षांत कितीतरी पुस्तके लिहून हात घटला, तेव्हा ती आली. त्याच 'ययाति'मुळे पुढे १९७४ साली मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले.

ही मोठी माणसे. त्यांच्या पंगतीला बसण्याची माझी पात्रता नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. पण चूल राजवाड्यातली असो की झोपडीतली, तांदूळ शिजायला वेळ लागतोच.

आता माझी गोष्ट. माझी कादंबरी आमच्या आत्याबाईंवर आहे. आत्याबाई म्हणजे ह्यांची आत्या, माझ्या आतेसासूबाई. लग्न होऊन वर्षाच्या आत त्यांचे यजमान गिरणीत नोकरी करायला मुंबईला गेले, ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, बातमी नाही. बाई माहेरी आली. माडांची लहानशी वाडी राखली, आणि आईविना पोरक्या झालेल्या भाच्याला वाढवले, शिकवले. तो भाचा म्हणजे आमचे हे. मी सून म्हणून घरात आले तेव्हा सासूच्या जागी मला आत्याबाईच मिळाल्या. दुपारी आम्ही दोघी सुपारी सोलायला बसायचो, तेव्हा एकेक गोष्ट निघायची.

एके वर्षी गणपतीनंतर मी दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसले. वाटले होते, दिवाळीपर्यंत होईल! पहिली साठ पाने भराभर झाली. मग आपल्या नगर वाचनालयातून मी 'रथचक्र' आणली. हे वाचनालय १८२८ सालचे, आपल्या गावाचे भूषण. पण आपण बायका तिथे किती जातो, ते आपले आपण मनाला विचारावे. तर मी 'रथचक्र' वाचली. नवरा घर सोडून गेलेली, एकत्र कुटुंबात होरपळणारी, मुलाच्या शिक्षणासाठी हट्टाने उभी राहणारी बाई! मी पुस्तक मिटले आणि रडले. म्हटले, माझी आत्याबाई तर यांनी आधीच लिहून ठेवली, आणि माझ्या शंभर जन्मांत जमणार नाही अशी लिहिली. आता आपण काय लिहायचे? वही पेटीत गेली. आठ महिने मी तिला हात लावला नाही.

मे महिन्यात आम्ही दोघी आमसुले घालायला बसलो होतो. तुम्हाला सांगायला नको. रातांबे फोडायचे, साले उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. असे पाचसहा वेळा करावे तेव्हा आमसूल काळे आणि आंबट होते. मी कंटाळून म्हटले, "बाजारात तयार मिळतात की." आत्याबाई म्हणाल्या, "मिळतात गो. पण ती त्यांच्या रातांब्यांची. आपल्या झाडाचे रातांबे मग काय कुजायला टाकायचे?"

त्या आमसुलांविषयीच बोलत होत्या. पण मी त्या रात्री वही पेटीतून काढली.

जी साठ पाने झाली होती, त्यातले पहिले प्रकरण दुसऱ्या दिवशी भीतभीत आत्याबाईंना वाचून दाखवले. मी लिहिले होते की, यजमान निघाले तेव्हा ती बंदरावर उभी होती, बोट दिसेनाशी होईपर्यंत डोळ्यांतले पाणी खळत नव्हते. त्या काळी मुंबईला बोटीने जात असत. आत्याबाईंनी मुकाट्याने ऐकले, आणि म्हणाल्या, "मी बंदरावर गेलेच नव्हते. त्या दिवशी माड पाडायला माणूस आला होता. मी नारळ मोजत होते. एकशे बारा निघाले."

मी विचारले, "मग तुम्ही रडलात कधी?"

त्या म्हणाल्या, "रडायचे कशाला? शिमग्याला येणार होते ना."

भगिनींनो, मी गप्प झाले. शिमग्याला येणार होते! साठ वर्षांचे शिमगे त्या एका वाक्यात होते. मी आपली सिनेमातल्यासारखी तिला बंदरावर नेऊन रडवत होते. ते प्रकरण मी फाडले, आणि त्याच्यावर बांधलेली पुढची दोनही फाडली. पुन्हा लिहायला पाच महिने लागले. पण त्या दिवशी मला कळले की आपण जे पहिल्या झटक्याला लिहितो, ते बहुधा कुठेतरी वाचलेले, पाहिलेले असते. खरे त्याच्या खाली असते आणि ते वर यायला वेळ घेते.

दुसरी अडचण याहून अवघड होती. वाडीच्या वाटणीच्या वेळी एका कागदावर आत्याबाईंची सही घेण्यात आली आणि त्यांचा अर्धा हिस्सा गेला. घेणारा घरातलाच. ते लिहायचे की नाही? ह्यांना कळले तेव्हा हे म्हणाले, "घरातले उणे चव्हाट्यावर कशाला?" ह्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, आपल्यापैकी कोणाच्याही घरी हेच ऐकायला मिळेल. मी वाद घातला नाही. ते प्रकरण लिहिले, पण वही ह्यांच्या उशाशी ठेवली आणि म्हटले, "वाचा. नको म्हणालात तर काढीन."

ह्यांनी चार दिवस एक शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "पाटल्या विकल्या त्या मी सातवीत असताना नाही, दहावीत असताना. परीक्षेची फी भरायची होती. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो." एवढे बोलून ताटावरून उठले. वीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट ह्यांनी मला कधी सांगितली नव्हती. प्रकरण काढायला मात्र सांगितले नाही. गावाचे नाव, घराचे नाव, माणसांची नावे मी बदलली आहेत.

आणि तो सही घेणारा माणूस? पहिल्या लिखाणात मी त्याला नुसता दुष्ट केला होता. तो आला की वाचणाऱ्याने कडाकडा बोटे मोडावीत असा. पुढे दोन वर्षांनी ते पान पुन्हा वाचले, तेव्हा आठवले की त्याच्या घरात तीन मुली लग्नाच्या होत्या आणि एका पावसात त्याचे भात सगळे वाहून गेले होते. त्याने केले ते वाईटच केले. पण आता तो माणूस वाटतो, आधी बुजगावणे वाटत होता. माझा राग निवायला दोन वर्षे लागली, त्याला मी काय करू? राग गरम असताना लिहिले तर लिहिणाऱ्याला बरे वाटते, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आता थोडे कामाचे सांगते, कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून.

मी रोज अर्धे पान लिहिते. दुपारची भांडी झाली की चहाच्या आधणापर्यंत जो पाऊण तास मिळतो, त्यात. रोज अर्धे पान म्हणजे वर्षाला एकशे ऐंशी पाने होतात. आजारपणे, पाहुणे, श्राद्धपक्ष, गणपती वजा केले तरी शंभर राहतात. सलग चार तास मिळतील तेव्हा लिहू, असे म्हणणारीला ते कधीच मिळत नाहीत.

दुसरे, वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक माणसाचे जन्मवर्ष, लग्नाचे वर्ष, कोण कोणाहून किती मोठा, हे सगळे मांडून ठेवावे. मी ते केले नव्हते. त्यामुळे माझ्या एका पात्राला मी अकरा महिने गरोदर ठेवले होते. आत्याबाईंनी बोटांवर महिने मोजून ती चूक पकडली, आणि दोन दिवस हसत होत्या.

तिसरे, लिहिलेले मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे काहीतरी खोटे किंवा उसने असते. आणि चौथे, आवडते म्हणून ठेवू नये. आंब्याच्या हंगामाचे मी चाळीस पाने वर्णन केले होते. मला फार आवडत होते. पण त्यात आत्याबाई कुठेच नव्हत्या. चाळीसची तीन पाने केली.

इथपर्यंत मी सावकाशीची बाजू मांडली. आता तिची दुसरी बाजू सांगितली नाही, तर आजचे बोलणे खोटे होईल.

लिहिताना काही अडले की मी समासात लिहून ठेवत असे, "आत्याबाईंना विचारणे." सवडीने विचारू, घाई काय आहे, त्या इथेच तर आहेत. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आत्याबाई गेल्या. आदल्या रात्री पेज प्याल्या, सकाळी उठल्या नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मी वही उघडली. समासातले प्रश्न मोजले. अकरा निघाले. यजमानांचे एकही पत्र खरेच आले नव्हते का? माहेरी परत आल्या त्या रात्री त्यांना दारात कोणी घेतले? मंगळसूत्र त्यांनी शेवटपर्यंत का काढले नाही? अकराच्या अकरा प्रश्नांना आता उत्तर नाही. मी ती उत्तरे मनाने रचू शकते. कादंबरीत तेवढी मुभा असते. पण बंदरावरचे रडणे मी रचले होते ते कसे निघाले, हे मी विसरलेले नाही.

म्हणून आज तुम्हाला एवढेच सांगते. लिहायला सावकाशी चालते, नव्हे, ती हवीच. पण विचारायला सावकाशी चालत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात एखादी आत्याबाई आहे, आजी आहे, थोरल्या जाऊबाई आहेत. सगळ्यांनी कादंबऱ्या लिहाव्यात असे मी म्हणत नाही. पण आज घरी गेल्यावर त्यांच्या शेजारी बसा, हातात भाजी निवडायला घ्या म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही, आणि एक प्रश्न विचारा. उत्तर मिळेल ते जसेच्या तसे उतरवून ठेवा. आपले शब्द घालू नका. आपण मोबाईलवर इतके बोलतो. त्यात त्यांचा आवाज भरून ठेवला तरी पुष्कळ झाले. मंडळाच्या कपाटात अशा वह्यांसाठी एक खण मोकळा करावा, अशी माझी अध्यक्षीणबाईंना नम्र विनंती आहे.

माझी कादंबरी आज एकोणिसाव्या प्रकरणावर आली आहे. चोवीस होतील असे वाटते. छापली जाईल की नाही, देव जाणे. शेवटच्या प्रकरणात शिमगा आहे. पालखी दारात येते आणि ती ओटी भरायला पुढे होते. ते कसे लिहायचे हे मला अजून उमगलेले नाही. उमगेपर्यंत थांबेन. रोज अर्धे पान मात्र चालू राहील.

बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर धाकट्या बहिणीचे समजून पोटात घालावे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.